मरळ भुकेनं धरत नाही

भादवा लागला की जवळा बाजारच्या बाजारात मरळ येते. बाकीची मासळी मेलेली येते, डोळे पांढरे करून पडलेली. मरळ जिवंत येते. घमेल्यात चार बोटं पाणी, वर ओलं पोतं आणि पोत्याखाली ती, काळी, सापाच्या तोंडाची, दम धरून पडलेली. अधूनमधून तोंड वर काढते, एक घोट हवा घेते आणि परत खाली जाते, कुणाच्या बापाचं काही खाल्लं नसल्यासारखी.

या वर्षी माझ्यासोबत सविता होती. माझी मुलगी, आठवीला आहे. तिनं पोतं उचलून आत बोट घातलं.

"ये पोरी, बोट काढ," विकणारी बाई म्हणाली. "काल माझ्या सुनेचं फोडलं तिनं."

"मासा चावतो काय?"

"मासा न्हाई चावत. मरळ चावती."

सविता हसली. मला हसू आलं नाही. मी बाजारात आले होते ती मरळ घ्यायलाच. शुक्रवारी नाना जेवायला येणार होता, आणि नानाला मरळ आवडते म्हणून मालकांनी, म्हणजे सविताच्या बापानं, मला धाडलं होतं. नाना म्हणजे माझा चुलता, साखऱ्याकडचा. तो येणार होता ते महालक्ष्म्या बसायच्या आत सविताचं लग्न पक्कं करायला. माझा दीर भानुदास पस्तिशीला आला तरी त्याला कुणी मुलगी देत नाही. हिंगोलीकडच्या एका घरात मुलगी आहे आणि बिनलग्नाचा भाऊही आहे. त्यांनी त्यांची मुलगी भानुदासला द्यायची, आम्ही सविता त्यांच्या मुलाला द्यायची. साटंलोटं म्हणतात याला. नाना यातला मधला माणूस. त्याला या कामाचा सराव आहे. मलाही त्यानंच असं दिलं होतं.

मी घमेल्यातली सगळ्यात मोठी मरळ घेतली. ती पिशवीत घरापर्यंत आपटत राहिली. प्रत्येक झटक्याला माझ्या पोटरीला मार बसत होता आणि मला तो मार बरा वाटत होता.

लोकांना भादवा आवडतो. मूग निघालेला असतो, तूर गुडघ्याला लागते, बांधावर तरवड पिवळा होतो. मला त्या हिरव्या रंगाची चीड येते. त्या हिरव्याखाली काय पडून असतं ते मी बघितलं आहे.

माझ्या माहेरच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. दुष्काळात लोकांनी टोपल्यांनी माती वाहून बांधलेला. माझी चौथी झाली आणि माझ्या हातात शेळ्यांची काठी आली. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं दुसऱ्या गावात होती. नाना म्हणाला, "माझी पोरगी वढ्यापलीकडं जाणार न्हाई. कोण कशी नजर टाकंल, कुणी सांगावं." माझा बाप मी चालायला लागायच्या आत गेला होता. आई पाट लावून दुसऱ्या घरी गेली. मला नानानं ठेवून घेतलं होतं. त्याला पोटची मुलगी नव्हती, एक मुलगाच होता, ज्ञानोबा. त्यामुळं मला "माझी पोरगी" म्हणताना त्याचा आवाज कसा भरून यायचा. मी ऐकायची आणि ओढ्याच्या अलीकडं राहायची.

मग तलाव हीच माझी शाळा झाली. शेळ्या हिवराच्या शेंगांना लागल्या की मी पाण्याकडं तोंड करून बसायची. माणसांकडं बघायची मला भीती वाटायची, पाण्याकडं बघायची वाटत नव्हती. ऐन भादव्यात गढूळ पाणी निवळतं. काठच्या गवतात बेडकं ओरडत असतात आणि मधेच एका जागची बेडकं एकदम गप होतात. तिथं मरळ आलेली असते. ती पोहताना दिसत नाही. बुडालेल्या लाकडासारखी दिसते. बेडूक बिचारं थोडा वेळ गप बसतं, मग त्याला वाटतं गेलं संकट, आणि ते हलतं. गळप् असा एक आवाज होतो, पाण्यावर वर्तुळ उमटतं, संपलं. थोड्या वेळानं बाकीची बेडकं पुन्हा ओरडायला लागतात. त्या ओरडण्याचा मला मरळीपेक्षा जास्त राग यायचा.

मी नाकतोडे धरून टाकायची. ती घ्यायची. एकीच्या डोक्यावर पांढरा व्रण होता, बहुतेक कुणाच्या तरी भाल्यातून सुटलेली. तिला मी लांबून ओळखायची. चतुर गवताच्या पातीवर बसला तर ती पाण्याबाहेर अंग काढून त्याला पातीसकट ओढायची. भूक म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. घरात मी सगळ्यांच्या मागून जेवायची. म्हणून तिच्या खाण्याचं मला काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं दिसलं ते तिला पिलं झाली तेव्हा. सकाळी बघते तर पाण्यावर एका जागी बारीक बुडबुडे, जणू खालून कुणी जाळ लावलाय, आणि त्यात लाल गोळा. कुंकवाचा करंडा उलटावा तसा. पिलं होती ती, काडेपेटीच्या काडीएवढी, हजारांनी. सगळी एकदम वर यायची, तोंड उघडून हवा घ्यायची, एकदम खाली जायची. त्यांच्या खाली दोन काळ्या सावल्या, एक व्रणवाली आणि एक तिच्याहून लहान. दोघंही राखत होती.

मी सवयीनं नाकतोडा टाकला. व्रणवाली वर आली, धरला, फोडला आणि सोडून दिला. गिळला नाही. मी दुसरा टाकला. तसंच. तो पाय मोडून पाण्यावर फिरत राहिला आणि ती परत पिलांखाली जाऊन थांबली. एक दिवड पोहत त्या बाजूला गेलं तर तिनं त्या सापाला धडका मारून काठावर काढलं. माझ्या एका करडानं पाण्याला तोंड लावलं, तर त्याच्या थुतरीवर असा तडाखा बसला की ते ओरडत बांधावर पळालं आणि दिवसभर पाण्याला गेलं नाही. इतके दिवस मी तिला खादाड समजत होते. हे खाणं नव्हतं. तोंड तेच, दात तेच, पण हे खाणं नव्हतं.

त्याच दिवसांत गणपत भोई आला. मासे धरणारा माणूस, खालच्या गावचा. मोठी वेळूची काठी, जाड दोरा, आणि डालीत जिवंत बेडकं. तो माणूस मला कधीच आवडला नाही. पान खाऊन तलावात थुंकायचा. त्यानं बेडकाच्या पाठीतून गळ ओवला आणि लांबच्या एका लाल गोळ्याच्या बरोबर मधोमध टाकला. पाणी फुटलं. एका ओढीत मरळ काठावर, धुळीत आपटत.

"तिला भूक न्हाई," मी म्हणाले. कुणाशी न बोलणारी मी, कशी बोलले कोण जाणे.

"तुला काय ठावं गं?"

"मी बघते रोज. पिलं हायेत तर ती गिळत न्हाई."

"अगं, भुकेली मरळ शंभर बार इचार करती," तो दोरा सोडवत म्हणाला. "बेडकाकडं बघती, गळ बघती, निघून जाती. लेकुरवाळीला इचार न्हाई. ती भुकेनं धरतच न्हाई, रागानं धरती. म्हणून तर आमी याच दिवसांत येतो."

"तिला गळ दिसत न्हाई?"

"दिसतो की. डोळे हायेत तिला. तरी धरती."

त्यानं तिच्या जोडीदारालाही तसंच काढलं. दोघांना पोत्यात घालून, माझ्या शेळ्यांना एक शिवी देऊन गेला. तो लाल गोळा मागं राहिला, वर यायचा, खाली जायचा, खाली कुणी नाही हे न कळलेला. दुपारपर्यंत दुसऱ्या मरळींनी त्यात तोंडं घातली. बगळे आले. संध्याकाळी तिथं नुसतं पाणी होतं.

व्रणवाली माझ्या बाजूला होती म्हणून वाचली. मी गणपतला तिची जागा सांगितली नव्हती.

राखणारा आहे तोवर आपण आहोत, हे मी त्या दिवशी शिकले आणि मला नानाचं कौतुक वाटलं. कारण त्याच आठवड्यात नानानं एका पोराला झोडपलं होतं. पोरगं परगावचं होतं. तलावावर मला फक्त विचारलं, साखऱ्याची वाट कुठली. मी हातानं दाखवली. नाना वरच्या शेतातून धावत आला, काही न विचारता काठी घातली. "माझ्या पोरीशी बोलतो?" पोराच्या कानातून रक्त आलं. गावात चार दिवस तेच चाललं होतं, नानानं भावाची पोरगी डोळ्यांत तेल घालून राखली म्हणून. मला झोपताना सुखाचं वाटायचं.

मग पाहुणे आले. जवळा बाजारकडचे. ज्ञानोबाला तोवर बरीच स्थळं नाकारून गेली होती. कामाला जड, तोंडाला गोड, असा तो. पाहुण्यांकडं मुलगी होती, रुक्मिण. तिचा थोरला भाऊ बिनलग्नाचा होता, माझ्या दुपटीच्या वयाचा. मी हातानं चारलेला बोकड कापला गेला. ओसरीवर पंगत बसली, मी वाढत होते. हाडं फुटायचा आवाज, रस ओढायचा आवाज. खाताना माणसं एकमेकांकडं बघत नाहीत, ताटाकडं बघतात, पण त्या दिवशी प्रत्येक घासाला कुणी ना कुणी मान वर करून माझ्याकडं बघत होतं. मी भाकरी ठेवून वळले आणि मागून नाना म्हणाला, "गप पोरगी हाये. तकलीफ देणार न्हाई."

रस्सा वरपत एक पाहुणा म्हणाला, "राखलेली हाये म्हणता?"

"वढा वलांडू दिला न्हाई मी."

त्यावर सगळे समाधानानं जेवले.

दुसऱ्या दिवशी मी तलावावर गेले. पिलं आता लाल राहिली नव्हती. बोटाएवढी, काळपट झाली होती आणि गोळा मोडून गवतात पांगली होती, एकेकटी. व्रणवाली लाकडासारखी पडून होती. एक पिलू तिच्या तोंडासमोरून गेलं. मला वाटलं ती बाजूला सरेल. गळप्. मग दुसरं. घाई नाही, राग नाही. राखताना जो राग होता त्यातला कणभर आता नव्हता. मी दगड मारला. दगड तिला लागला नाही, आणि लागला असता तरी काही फरक पडला नसता.

मासा तो मासा. त्याला नातं कळत नाही, काल जे राखलं ते आज खाणं होऊन समोर आलं, त्यानं खाल्लं. मी माशाला दोष देत नाही. नानाला नातं कळत होतं.

उन्हाळ्यात एकाच मांडवात दोन लग्नं लागली. मी इकडं आले, रुक्मिण तिकडं गेली. ती माझी नणंद आणि माझ्या चुलतभावाची बायको. ज्यांच्याकडं साटंलोटं होत नाही त्यांना यातली खरी गोष्ट कळायची नाही. लग्नं दोन असली तरी दोरी एकच असते. तिकडं ज्ञानोबानं रुक्मिणला मारलं की त्याचा निरोप इकडं यायचा आणि सासूच्या डोळ्यांदेखत मालक मला मारायचे. रागानंही नाही. हिशेब बरोबर ठेवायचा म्हणून. मी भाकरी करपवली की रुक्मिणला तिकडं पडायची. पहिली काही वर्षं आम्ही दोघी एकमेकींचा जीव खायचो. सणाला भेटलो की ती दात-ओठ खाऊन म्हणायची, "वहिनी, जरा नीट ऱ्हा ना. तुझ्या पायी माझी पाठ सोलली." मी म्हणायची, "वन्स, तुमी उलट बोलू नका, मला पडते." ज्यांनी मारलं त्यांना आम्ही कधी काही बोललो नाही. गवतात पांगलेली पिलं एकमेकांनाच ढुसण्या देतात, तसं चाललं होतं आमचं.

आता मालकांचा हात थकला आहे. पण दोरी आहे तिथंच आहे.

शुक्रवारी सकाळी मी मरळ घमेल्यातून काढली. हाताला राख लावून धरली तरी निसटत होती. डोक्यात वरवंटा घातला तेव्हा शांत झाली. विळीवर पोट फाडलं तर आत काही नव्हतं. बेडूक नाही, किडा नाही, धुतल्यासारखं रिकामं. मी तोंड उघडून बघितलं. ओठाच्या आतल्या बाजूला गळाची फाट होती, अजून ताजी. मी विळीवर तशीच बसून राहिले. बऱ्याच दिवसांत हिनं काही खाल्लेलं नव्हतं, आणि तरीही हिनं बेडूक धरला होता. म्हणजे कुठल्या तरी पाण्यात हिचा लाल गोळा वर येत असेल, खाली जात असेल.

"आई, काय झालं?" सविता म्हणाली. त्या दिवशी तिला शाळेत जाऊ दिलं नव्हतं. डोक्याला तेल लावून, माझं लुगडं नेसवून बसवलं होतं.

"काही न्हाई. मीठ आण."

दुपारी नाना, मालक आणि भानुदास सतरंजीवर जेवायला बसले. नाना म्हातारा झालाय, पण दात शाबूत आहेत. "मुंडकं मला," तो म्हणाला. मुंडकं मी त्यालाच वाढलं. तो चोखून चोखून खात होता, काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावत होता. "हात गोड हाये माझ्या पोरीचा," मालकांना म्हणाला. "आता हे एवढं काम उरकलं की मी मोकळा. ते घर चांगलं हाये, माझ्या शब्दातलं हाये. कुठाय नात? पाणी घिऊन येऊ द्या तिला."

सविता तांब्या घेऊन आली. लुगडं सावरता येत नव्हतं तिला. तिनं मान खाली घालून पाणी ओतलं. नानानं तिला पायापासून वर बघितलं, तोंडातला काटा काढला आणि म्हणाला, "गप हाये. तकलीफ देणार न्हाई."

आमच्यात वैऱ्यालासुद्धा भरल्या ताटावरून उठवत नाहीत. कुणाच्या घरात मढं पडलं असलं तरी आधी जेवू देतात, मग सांगतात. मला हे ठाऊक होतं. मी पुढं झाले, वाकले आणि नानाच्या समोरचं ताट उचललं.

त्याचा हात घासासाठी पुढं आलेला तसाच राहिला. "काहून गं कांता? काही पडलं काय ताटात?"

"न्हाई."

"मग?"

"उठा."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. पण ताट सगळ्यांना दिसत होतं. मालक म्हणाले, "येडी झाली काय तू? ठेव ते खाली." मी ठेवलं नाही. ताट तिरकं होऊन रस्सा लुगड्यावर सांडत होता.

"सविता कुठं जाणार न्हाई," मी म्हणाले. "भावजींना बायको पायजे तर भावजींनी सोताला द्यावं कुणाच्या घरी."

भानुदास खाली बघत भाकरी मोडत राहिला. त्याचं ताट कुणी उचललं नव्हतं.

"नाना, माझ्यावर तुमच्या ज्ञानोबाचं घर उभं झालं," मी म्हणाले. "तेवढ्यावर पोट भरा."

मग मी अंगणात गेले आणि ताट उकिरड्यावर झटकलं. कोंबड्या धावल्या. मुंडक्यावरून दोन कोंबड्यांचं भांडण लागलं. मी ते बघत उभी राहिले. आत जायचं धाडस नव्हतं. नाना हात धुऊन, पटका बांधून बाहेर आला. माझ्याजवळ थांबला.

"ज्या हातानं मी तुला राखलं..." तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. "राखलं."

तो वाटेला लागला.

दोन दिवसांनी रुक्मिणचा फोन आला. मालकांच्या मोबाईलवर, पण मालक माझ्याशी बोलत नव्हते म्हणून त्यांनी तो नुसता माझ्यापुढं ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली. "इकडं पडली मला. नानानं घरी येऊन काय काय सांगितलं, मंग यांनी हात उचलला."

"मला ठावं होतं वन्स. पडंल म्हणून."

मला वाटलं आता शिव्या देईल, नेहमीसारखी. मग तिनं हळूच विचारलं, "खरंच ताट उचललं काय?"

"व्हय."

"मुंडक्यासकट?"

"मुंडक्यासकट."

ती हसायला लागली. तोंडात पदर कोंबून हसत असावी, कारण आवाज दबलेला होता आणि थांबतच नव्हता. मग म्हणाली, "पाठ दुखती गं हसताना," आणि फोन ठेवला.

हे मिटलेलं नाही. हिंगोलीचे लोक पुन्हा येतील, नाना नसेल तर दुसरा कुणी मधला माणूस येईल. दिवाळीनंतर येईल, पुढच्या भादव्यात येईल. मालक बोलत नाहीत, सासू माझ्या हातचं पाणी घेत नाही. या सगळ्यात गळ कुठं आहे ते मला अजून दिसलेलं नाही, पण असणार. दिसला असता तरी मी धरलं असतं.

सविता सोमवारपासून शाळेला जाते. तिच्याही वाटेत ओढा आहे. पहिल्या दिवशी मी काठी घेऊन तिच्यासोबत निघाले. समोरून सायकलवर एक पोरगं आलं. त्यानं नुसतं सविताकडं बघितलं असेल नसेल, माझी मूठ काठीवर आवळली. अंगातून जो झटका गेला तो मी ओळखला. तसाच एक जण वरच्या शेतातून धावत आला होता.

"आई, तू नको ना येऊ," सविता म्हणाली. "पोरी हसतात."

मी तिथंच थांबले. ती चपला हातात घेऊन ओढ्यात उतरली, पलीकडं चढली, मागं न बघता तुरीच्या पिकात दिसेनाशी झाली. आता मी रोज ओढ्याच्या अलीकडंच थांबते. काठी मात्र हातातच असते.